आभाळातून बी पडले का?

(वरणगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर जरा चाचरतच विचारले, "म्हणजे सर, उडत्या तबकड्यांवर बोलणार का?" नाही. तबकडीवर बोलण्यासारखे माझ्याकडे काहीच नाही. मी बोलणार आहे एका फुग्यावर, एका दगडावर आणि थोडेसे काडतुसावर. पृथ्वीवरचे जीवन इथेच जन्मले, बाहेरून आले, की कुणी मुद्दाम घडवून इथे पेरले, या प्रश्नावर माणूस कितीही वेळ गप्पा मारू शकतो. पण आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाने गप्पा बाजूला ठेवून त्याचा प्रयोग करायचे ठरवले. तो माणूस म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. त्यांच्याबद्दल बरेच लिहिले गेले, पण त्यांच्या फुग्याबद्दल त्या मानाने कमी. म्हणून सुरुवात तिथून करतो.

२१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादच्या केंद्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक प्रचंड फुगा वर गेला. त्याच्याखाली पोलादी नळकांड्यांचा एक संच लटकवलेला होता. नळकांडी आधी निर्जंतुक केलेली, आतली हवा काढून टाकलेली, आणि भोवती द्रवरूप निऑन. निऑन उणे २४६ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे नळकांड्याच्या भिंती त्याहून फारशा गरम राहत नाहीत. ठरलेल्या उंचीवर पोचल्यावर जमिनीवरून संदेश देऊन झडप उघडायची. बाहेरची विरळ हवा आत शिरते, थंडगार भिंतीला लागताच गोठून चिकटते, तिची जागा घ्यायला आणखी हवा येते. अशा रीतीने ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. विमाने साधारण दहा-अकरा किलोमीटरवरून उडतात. आपल्या पावसाचे ढग सतरा-अठरा किलोमीटरच्या वर सहसा जात नाहीत. ४१ किलोमीटरवर सूर्याचे अतिनील किरण उघडे लागतात आणि हवा इथल्या हवेच्या काही सहस्रांश असते. तिथे जिवंत काही सापडेल का, एवढाच प्रश्न होता.

सापडले. काही नमुने इंग्लंड-वेल्समध्ये तपासले गेले. तिथे पेशींचे पुंजके दिसले, आणि शेफील्डच्या प्रयोगशाळेत दोन जिवाणू आणि एक बुरशी वाढवता आली. पण ही तिन्ही नावे ओळखीची होती, पृथ्वीवर सर्रास आढळणारी. टीकाकार म्हणाले, नमुना दूषित झाला. नारळीकरांचे सहकारी म्हणाले, आम्ही काळजी घेतली होती.

अशा वेळी दोनच वाटा असतात. एक, आपलेच खरे म्हणून सभा गाजवत राहायचे. दुसरी, प्रयोग पुन्हा आणि अधिक कडक करायचा. २० एप्रिल २००५ रोजी इस्रोच्या पाठबळावर दुसरा फुगा गेला, २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यातली हवा घेऊन आला. या वेळी नमुने भारतातच दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले: हैदराबादचे पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. एकाने काय पाहिले ते दुसऱ्याने पडताळायचे. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. बहुतेक जिवाणू माहितीतल्या जातींशी जुळणारे निघाले. तीन मात्र तोवर कुठेच नोंदलेले नव्हते. २००९ साली त्यांची बारशी झाली. एकाचे नाव नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयलाय, दुसरा इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस, तिसरा बॅसिलस आर्यभट्टाय. इस्रोने तेव्हाच स्पष्ट सांगितले की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना मात्र तेवढा धीर नव्हता.

आता त्या आर्यभट्टायचे पुढे काय झाले, ते शेतकऱ्यांच्या गावात सांगायलाच हवे. तो जमिनीत सापडू लागला. २०१४ साली इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांपाशी मिळालेल्या आर्यभट्टायवर काम प्रसिद्ध केले. मातीत अडकलेले जस्त तो सुटे करतो आणि ते पिकाला मिळते, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्याला आपण आभाळातला पाहुणा समजत होतो तो आपल्या काळ्या मातीतला मुक्कामी निघाला. पुढे वर्गीकरण करणाऱ्यांनी त्याला बॅसिलसच्या घराण्यातून काढून प्रिस्टिया या नव्या घराण्यात टाकले, पण आर्यभट्टाचे नाव राहिले.

यावर पॅनस्पर्मियावाले, म्हणजे जीवन विश्वभर पसरलेले आहे असे मानणारे, एक उत्तर देतात. ते म्हणतात, मातीत सापडला यात आश्चर्य काय? मातीतले सगळेच जीव मुळात वरून पडलेत, तेव्हा वरचा आणि खालचा सारखाच असणार! युक्तिवाद बिनतोड आहे, आणि त्याची अडचणही तीच आहे. वेगळा जीव सापडला तर तो परका म्हणून पुरावा, सारखा सापडला तर तो पूर्वज म्हणून पुरावा. मग काय सापडले तर तुम्ही आपले मत सोडाल? या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याशी चहा प्यावा, वाद घालू नये.

उत्तर देता येते, हे मुद्दाम सांगतो. पृथ्वीवरच्या जीवांत कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असते. ते फार वेगळे निघाले तर जीव परका. आपली प्रथिने डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनतात. उजव्या हाताची वापरणारा जीव भेटला तर तो परका. आपल्याहून निराळी आनुवंशिक लिपी भेटली तर मग शंकाच नको. फुग्यातल्या जीवांत यातले काही आढळले नाही. उलट ते इथून वर कसे जातील, हा त्या काळी मोठा प्रश्न वाटे. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला आणि त्याचा लोट ५७ किलोमीटर उंच गेला. असे स्फोट रोज होत नाहीत, पण खालचे वर जाऊच शकत नाही असे आता म्हणता येत नाही.

नारळीकरांना हा प्रश्न इतका का लागला होता, याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा त्यांच्या विश्वाच्या कल्पनेत आहे, असे मला वाटते. बाहेरून बी आले ही कल्पना जुनी. १८७१ साली लॉर्ड केल्विन यांनी एडिंबरोच्या अध्यक्षीय भाषणात ती मांडली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी तिला पॅनस्पर्मिया म्हणून रूप दिले. सत्तरीच्या दशकात तिला पुन्हा धुगधुगी दिली ती नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे यांनी. आता हे पाहा. हॉईल यांचे विश्व स्थिर स्थितीचे: त्याला आरंभ नाही. ज्या विश्वाला आरंभ नाही तिथे जीवनाला तरी आरंभ कशाला हवा? ते आहेच, होतेच, इकडून तिकडे पसरते आहे. साधा जिवाणू आपोआप बनण्याची शक्यता हॉईल यांना इतकी नगण्य वाटे की पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय त्यांना तुटपुंजे वाटले. अनादि विश्वात मात्र वेळेला तोटा नाही.

पण बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मानतात तसे विश्व महास्फोटातून निघाले असेल, तर त्याचे वय १३८० कोटी वर्षे. म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या जेमतेम तिप्पट. त्यातही कार्बन, ऑक्सिजन, फॉस्फरस शिजवायला आधी तारे जन्मून मरावे लागतात. ज्या गोष्टीची शक्यता पृथ्वीवर जवळजवळ शून्य, ती तिप्पट वेळ दिल्याने शक्य कोटीत येत नाही. सुरुवात दुसऱ्या ग्रहावर ढकलून आपल्याला फारशी सवलत मिळत नाही. रसायनातून जीव कसा झाला हे कोडे तसेच्या तसे उरते. नारळीकरांनी महास्फोट शेवटपर्यंत स्वीकारला नाही. त्यांची या विषयावरची ओढ त्यांच्या विश्वरचनेतून आली असेल, आणि मला ती रचना पटत नाही. पण ओढ कुठूनही आली तरी प्रयोग दुसऱ्यांच्या हाती तपासायला द्यायचा, हा शिरस्ता त्यांनी मोडला नाही. याच माणसाने अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत २७ ज्योतिषांची परीक्षा घेतली होती: कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे. सरासरी यश ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तरी चार टक्के जास्त मिळाले असते. ज्योतिषांना लावलेली फूटपट्टी त्यांनी आपल्या लाडक्या कल्पनेलाही लावू दिली. हे फार कमी लोक करतात.

आता दगडाकडे येतो, आणि तो आपल्या शेजारचा आहे.

१८४३ च्या पावसाळ्यात एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर परिसरात, मानेगावला आभाळातून दगड पडला. इथून वीसेक किलोमीटरवरची गोष्ट. त्याचे तुकडे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले आणि तिथले खनिजशास्त्रज्ञ नेव्हिल स्टोरी मॅस्कलिन यांनी त्यांचे पृथक्करण करून १८७० साली निबंध प्रसिद्ध केला. जगातल्या अशनींच्या यादीत आपले मानेगाव तेव्हापासून आहे. मानेगावात किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे. हा दगड जवळजवळ पूर्णपणे पायरॉक्सीन या एकाच खनिजाचा. अशा अशनींना डायोजेनाइट म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये व्हेस्टा नावाचा सव्वापाचशे किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आहे. त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि या जातीच्या दगडांचा प्रकाश जुळतो. २०११-१२ मध्ये नासाचे डॉन यान वर्षभर व्हेस्टाभोवती फिरले आणि दक्षिण ध्रुवावरची अजस्र धडकेची खूण त्याने जवळून पाहिली. धडकेत उडालेले कपचे सूर्याभोवती भटकत राहिले, त्यातला एक आपल्या खानदेशात उतरला, असे आज मानले जाते.

या दगडात जीव नाही, जीवाचा कच्चा मालही नाही. तो वितळलेल्या खडकातून बनलेला. मग मी त्याचे नाव का घेतो? एका जगाचा तुकडा दुसऱ्या जगावर फुकट पोचतो, ही गोष्ट त्याने सिद्ध केली म्हणून. बिहारात शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला दगड तर मंगळाचा ठरला. त्यात एक काचेसारखे खनिज मिळाले, ते प्रचंड धक्क्यानेच बनते. त्याला नाव दिले मॅस्कलिनाइट, मानेगावच्या दगडाची परीक्षा करणाऱ्या याच मॅस्कलिन साहेबांवरून. आणि शंभर वर्षांनी, १९७३ साली, लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे की अशनीच्या आघाताचे, या वादाचा निकाल लागला तेव्हा साक्षीदारांत हेच मॅस्कलिनाइट होते. लोणारला सहल नेणाऱ्या मास्तरांनी कमळजा देवीच्या दर्शनाबरोबर हेही मुलांना सांगावे.

म्हणजे दगड येतात. प्रवासी म्हणून त्यांत जिवाणू टिकेल का? मंगळाच्या एका अशनीचा आतला भाग प्रवासात ४० अंशांच्या वर तापलाच नव्हता, असे त्याच्या चुंबकत्वावरून दिसले. आपल्या मे महिन्यापेक्षा तो प्रवास थंड म्हणायचा! जपानी शास्त्रज्ञांनी डायनोकॉकस नावाच्या चिवट जिवाणूचे गोळे अंतराळ स्थानकाच्या बाहेर तीन वर्षे टांगून ठेवले. वरचे थर मेले, आतले जगले. तेव्हा मंगळावर कधी जीवन असले तर ते इथे येणे अशक्य नाही. दुसऱ्या ताऱ्याकडून येणे मात्र वेगळेच प्रकरण. लाखो-कोट्यवधी वर्षे वैश्विक किरणांचा मारा सोसून कुणी जिवंत पोचेल, याला आधार नाही.

कच्चा माल मात्र निःसंशय येतो. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या काळ्या, कार्बनयुक्त अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले सापडली. नासाच्या यानाने बेन्नू लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये बंद डब्यात आणली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले: आपल्या प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४, आणि डीएनए-आरएनएच्या पाचही अक्षरांचे रेणू त्यात आहेत. अमिनो आम्ले डावी-उजवी जवळजवळ सारखी. जीवाने निवड केलेली नाही, निव्वळ रसायन आहे.

इथे एक इशारा. जपानच्या यानाने आणलेल्या र्युगू लघुग्रहाच्या कणांपैकी एक इंग्लंडमध्ये तपासत असताना त्यावर जिवाणू वाढताना दिसले. ते इथलेच होते, काही दिवसांत त्या कणावर येऊन वसलेले. आणि फ्रान्समधल्या ऑर्ग्वेय गावी १८६४ साली पडलेल्या अशनीच्या एका तुकड्यात तर चक्क वनस्पतीचे बी निघाले! शंभर वर्षे तो तुकडा काचेच्या बरणीत बंद होता. विसाव्या शतकाच्या साठीत तपासले तेव्हा कळले, कुणीतरी बी आत खोचून वरून डिंक आणि कोळशाची पूड लावली होती. गंमत अशी की लबाडी करणाऱ्याच्या हयातीत त्याकडे कुणाचे लक्षच गेले नाही.

आता तिसरा प्रश्न: कुणी मुद्दाम घडवले का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत फ्रान्सिस क्रिकसारखा नोबेल विजेता आहे. १९७३ साली क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी लिहिले की कुण्या प्रगत संस्कृतीने यानातून जिवाणू पाठवून पृथ्वी पेरली असेल, ही शक्यता तपासून पाहावी. त्यांचा एक आधार असा की सगळ्या जीवांची आनुवंशिक लिपी एकच, जणू एकाच पुडीतले बियाणे. पण एकच पूर्वज इथेच जन्मला असता तरी लिपी एकच राहिली असती. शिवाय १९७९ साली आपल्याच पेशींतल्या तंतुकणिकांत लिपीचे थोडे वेगळे रूप सापडले. आणि हेच दोघे १९६८ साली आरएनएपासून जीवनाची सुरुवात झाली असावी, असेही सुचवत होते. बुद्धिमान माणसे एका वेळी दोन घोडी दामटतात.

वरणगावात या प्रश्नाला एक सोपी परीक्षा लावता येते. आपल्या आयुध निर्माणीतून बाहेर पडणाऱ्या काडतुसाचे बूड पाहा. तिथे कारखान्याची खूण आणि साल ठोकलेले असते. रिकामी पितळी पुंगळी कुठल्याही रानात सापडली तरी ती कुठली, केव्हाची, हे इथला निवृत्त कामगार चष्मा पुसून सांगेल. घडवलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचा शिक्का असतो. घडवलेल्या जीवावरही असू शकतो. मे २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटाने संगणकावर लिहून, रसायनांतून जुळवून एका जिवाणूचा पूर्ण जनुकसंच तयार केला आणि तो दुसऱ्या पेशीत चालवून दाखवला. त्यात त्यांनी सहभागी संशोधकांची नावे डीएनएच्या अक्षरांत लिहून ठेवली, पुढे कुणाला शंका नको म्हणून.

आपल्या पेशींत असा शिक्का नाही. आहेत त्या जुन्या दुरुस्त्यांच्या आणि मोडतोडीच्या खुणा. बैल, शेळी, कुत्रा आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. आपल्याला ते जमत नाही, म्हणून लिंबू-आवळा खावा लागतो. पण ते बनवणारे जनुक आपल्यात आहे, फक्त मोडलेले. आणि माकडांतही तेच मोडलेले आहे. कारागिराने मोडका भाग मुद्दाम दोन्ही यंत्रांत बसवला, असे म्हणण्यापेक्षा तो एकाच आजोबाकडून वारशाने आला, हे म्हणणे सरळ. घडवणारा परग्रहवासी मानला तर त्याला कुणी घडवले हे सांगावे लागते. देव मानला तर तो श्रद्धेचा विषय आहे, तिथे मी पाय ठेवत नाही, पण मग प्रयोगशाळेचा दाखलाही मागू नये.

माझे मत विचाराल तर ते असे. माल काही अंशी आभाळातला, बांधकाम इथले. सर्वांत जुने खात्रीचे जीवावशेष ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे पृथ्वी थंडावल्यावर फार वेळ न दवडता काम सुरू झाले. नेमके कसे, हे कुणी अजून प्रयोगशाळेत करून दाखवलेले नाही, आणि ते दाखवेपर्यंत पॅनस्पर्मियाची फाइल बंद करण्याचा अधिकार मला नाही. नारळीकरांच्या फुग्याने ती फाइल पुढे सरकवली नाही, पण पुरावा कसा गोळा करायचा याचा भारतीय नमुना घालून दिला. परग्रहावरचा मुलगा पृथ्वीवर येतो ही कल्पना घेऊन त्यांनी 'प्रेषित' ही कादंबरी लिहिली. कादंबरीत त्यांनी कल्पनेला मोकळे सोडले आणि प्रयोगात तिला वेसण घातली. दोन्हींची सरमिसळ होऊ दिली नाही.

शेवटी तरुण मंडळींना एक विनंती. मानेगावला पडला तसा दगड उद्या इथल्या केळीच्या बागेतही पडू शकतो. पडला तर त्याला धुऊ नका, फोडू नका, शेंदूर लावू नका. चुंबक लावून पाहण्याचा मोह तर टाळाच, त्याने दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेवरच फोटो काढा, वेळ लिहा, आवाज कुठल्या दिशेने आला ते शेजाऱ्यांना विचारून नोंदवा. उघड्या हाताने न उचलता स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि तहसील कचेरीत कळवा. आपल्या देशात असे दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळते. त्यांच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे.